त्रेसष्टावी टोपी

१

नविनने टोप्या चौथ्यांदा मोजल्या आणि चौथ्यांदाही त्या त्रेसष्टच भरल्या.

दिल्या होत्या बासष्ट.

ड्रेसवाल्याच्या धंद्यात वस्तू कमी परत येणं हा रिवाज आहे. वाघाचं शेपूट येत नाही, गाजराचा पाला येत नाही. एका शाळेच्या गॅदरिंगहून तर रावणाची तीन तोंडं परत आली नव्हती, आणि उरलेल्या सातांवर नविनने पुढची दोन वर्षं काढली. प्रेक्षकांतल्या कोणीही ती मोजली नाहीत. पण जास्तीचं काही परत आलंय, असं डहाणू रोडच्या त्या दुकानात वडिलांच्या काळापासून घडलं नव्हतं. झगेही त्रेसष्ट होते. काळे, लांब, पदवीदानाचे.

पदवीदान गुरुवारी झालं होतं, गावाबाहेरच्या कॉलेजात. प्राचार्यांच्या मनात यंदा उपरणं आणि पगडी होती, पण मुलांनी गेल्या वर्षीसारखीच, सिनेमात असते तसली चौकोनी टोपी आणि गोंडा पाहिजे म्हणून सह्यांचं निवेदन दिलं. मग याही वर्षी नविनलाच ऑर्डर आली. यंदा मिरवणुकीच्या पुढे धरायला राजदंडही हवा होता. तो नविनकडे नव्हता. त्याने हनुमानाची गदा सोनेरी कागदात गुंडाळून दिली. कॉलेजचा शिपाई देवजी ती खांद्यावर टाकून पुढे चालला आणि पाहुण्यांनी उभं राहून तिला मान दिला.

एवढं सगळं सुरळीत झाल्यावर गप्प बसायचं, तर नविनने शुक्रवारी सकाळी प्राचार्यांना फोन केला. तुमच्यातल्या कोणाचा तरी स्वतःचा झगा आमच्या गठ्ठ्यात आलाय, म्हणाला. चांगुलपणाने केलेला फोन होता. पलीकडे प्राचार्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

मग प्राचार्य म्हणाले, "म्हणजे काल आपल्याकडे एक माणूस जास्त पदवीधर झाला."

२

प्राचार्यांच्या टेबलावर ग्रुप फोटो पसरलेला होता. तो काढला होता मिथुनने. मिथुन लग्नांचे फोटो काढायचा आणि त्याने नुकताच ड्रोन घेतला होता, त्यामुळे त्याने जमिनीवरून एकही फोटो काढला नव्हता. फोटोत बासष्ट मुलांपैकी एकाचाही चेहरा नव्हता. वरून दिसत होते फक्त काळे चौकोन, ओळीने, ताटात वड्या थापाव्यात तसे. पुढे एक सोनेरी ठिपका होता, ती गदा.

चौकोन त्रेसष्ट होते.

"मान खाली, डोळे बंद, असं मीच सांगितलेलं," मिथुनने आपली बाजू मांडली. ड्रोनच्या पंख्याने धूळ उडते, आणि टोप्या सपाट दिसायला हव्या होत्या.

मुलं हजेरी क्रमांकाने उभी होती. तिसरी ओळ रूपीवर संपायला हवी होती. रूपी काळू शिंगडा, गंजाडची, इतिहासात कॉलेजात पहिली. तिच्या पलीकडे आणखी एक चौकोन होता. बाकीच्या टोप्यांमध्ये सारखं अंतर. या दोन टोप्यांचे कोपरे मात्र एकमेकांवर चढले होते. प्राचार्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. दोघं कुजबुजत होते, याचा हा पुरावा, म्हणाले. रूपीने बाहेरचं कोणीतरी आत घुसवलं. उद्या तोच इसम हा फोटो दाखवून कुठे पदवीधर म्हणून नोकरीला लागला, तर चौकशी कॉलेजची होणार.

रूपी दाराशी उभी होती. तिने ओळखत नाही एवढंच सांगितलं होतं, तेही एकदाच.

मंचावर मुलांना नुसत्या सुरळ्या दिल्या होत्या, खरी प्रमाणपत्रं नंतर सही घेऊन मिळायची होती. तिचं प्राचार्यांच्या खणात होतं आणि नाव कळेपर्यंत ते तिथेच राहणार होतं. सोमवारी तिला तलासरीला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं, मूळ प्रमाणपत्रासकट. नाही झाली तर यादीतली पुढची मुलगी तयारच होती. हे प्राचार्यांनाही माहीत होतं. त्यांना वाईटही वाटत होतं, पण त्यांचं वाईट वाटणं नियमात बसत नव्हतं.

नविनला आपला सकाळचा फोन आठवला. मी शोधतो सर, असं तो बोलून गेला. मोजणी माझी आहे, तर माणूसही मीच आणतो.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या, शनिवारी पाचपर्यंत. नाहीतर पोलीस."

३

दुकानात नविनने जास्तीचा झगा वाघ आणि गाजराच्या मधे टांगला आणि त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसला.

कापड छत्रीचं होतं. तीन छत्र्या तरी उसवल्या होत्या. तिन्हींचा काळा रंग वेगवेगळा. तिकोनी तुकडे जोडले होते आणि प्रत्येक टोकाशी, जिथे छत्रीची काडी टाचलेली असते, तिथे सुईची बारीक भोकं होती. जगातला हा एकमेव झगा असावा, जो घालून भर पावसात पदवी घेता आली असती.

शिवण हाताची. जाड दोऱ्याचे लांब, तिरके टाके, गोणीचं तोंड दाभणाने शिवतात तसे. शर्ट शिवणाऱ्याचा हा हात नव्हता. टोपीचा गोंडा नायलॉनच्या दोऱ्याचा होता आणि त्याची गाठ नविनने दोनदा सोडवून पाहिली, सुटली नाही. झाडावरचा चिकू उतरवायला लांब काठीच्या टोकाला जी जाळी बांधतात, तिची असते तशी गाठ. कॉलरच्या आत आणि बाह्यांना चिकट काळे ठिपके लागले होते. चिकूचा चीक. धुऊन जात नाही, त्यावर धूळ बसते आणि तो काळा पडतो.

म्हणजे करणारा चिकूच्या वाडीत कामाला. इथवर येऊन नविनला मोठा हुरूप आला. मग त्याच्या लक्षात आलं की असा अर्धा तालुका आहे.

त्याने झगा फिरवला आणि तेव्हा खरी गंमत दिसली.

पाठ अचूक होती. खांद्याखालची पट्टी, तिला घातलेल्या चुण्या, मागे लोंबणारा टोकदार गळपट्टा, सगळं नविनच्या झग्यासारखं, मापाला माप. पुढची बाजू मात्र शर्टासारखी होती. पुढून झगा उघडा असतो, कडेने रुंद पट्टी खाली उतरते. इथे मधोमध सहा बटणं होती आणि, का कोण जाणे, एक खिसा.

ज्याने हा शिवला, त्याने पदवीधर फक्त पाठमोरा पाहिला होता.

मिथुनने दिलेली फोटोची प्रत त्याने पुन्हा डोळ्यांजवळ धरली. पदव्या वाटून झाल्यावर माइकवरून सांगितलं होतं की आता गोंडा उजवीकडून डावीकडे घ्या, तुम्ही पदवीधर झालात. सगळ्यांनी घेतला होता. वरून बासष्ट गोंडे डावीकडे दिसत होते.

एक उजवीकडेच होता. रूपीच्या पलीकडचा, शेवटचा.

४

पहिला संशय हिनावर होता. चिंचणीची हिना, रूपीची मैत्रीण, एका विषयात राहिली होती आणि गुरुवारी कॉलेजच्या आवारात दिसली होती.

ती आईबरोबर बोंबील वाळत घालत होती. नविनने आडून आडून विचारायला सुरुवात केली, तर तिने त्याला अर्ध्यातच थांबवलं. झगा खरा तर आणा, म्हणाली. नविनने पिशवीतून काढला. तिने तो नाकाला लावला.

"आमच्या घरातनं निघालेली वस्तू आहे ही? माझ्या वह्यांचा वास घेऊन बघा. परीक्षेला पेपर तपासणाऱ्याने वासावरनंच मला नापास केलं असणार." मग तिने झगा अंगाला लावला. तो तिच्या पायाखाली वीतभर लोळला. "आणि मी शिवला असता तर निदान माझ्या मापाचा."

नविनने मान्य केलं. ती गुरुवारी का आली होती, हे विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिने ते आपणच सांगितलं. टाळ्या वाजवायला आली होती. रूपीकडून कोण येणार होतं? घरच्यांना आणू नको, अशी तिची पहिल्यापासूनची रीत. बाईकवरनं येते, ती पण वळणावर उतरते. गेटपर्यंत नाही.

दुसरा संशय देवजीवर. तो शिपाई, दरवर्षी हॉलच्या मागच्या दाराशी उभा, म्हणजे जन्मभर पदवीधरांच्या पाठी पाहिलेला माणूस. पण फोटोतला सोनेरी ठिपका त्याच्याच खांद्यावर होता. गदा हातात असलेल्या माणसाला दुसरीकडे उभं राहता येत नाही. देवजीला ती गदा आवडलीही होती. पुढच्या वर्षी थोडी हलकी द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

नविनने त्याला विचारलं की गेल्या वर्षी आणखी कोणी मागून पाहत होतं का. देवजीने आठवून सांगितलं. गेल्या वर्षी मिरवणूक गेटातून हॉलकडे गेली, तेव्हा बाहेर चिंचेखाली तिघं होते. मंडपवाल्याचे दोन ड्रायव्हर, आणि रूपीला बाईकवर आणतो तो. गेल्या वर्षी ती स्वयंसेवक होती.

"तो कोण?"

"गावचा माणूस आहे, असं ती सांगते. तीन वर्षं रोज आणतो. ती आत गेली की दुपारी कॉलेज सुटेपर्यंत तिथेच बसतो, परत जाऊन यायला पेट्रोल कुठलं." देवजीने तंबाखू मळता मळता थोडा विचार केला. "माझ्या गावचा माणूस मला बघून वाट बदलतो."

रूपी ग्रंथालयाच्या पायरीवर होती. नविनने तिला फार काही विचारलं नाही. डोळे मिटले होते, ती म्हणाली. कोणी आलं, कोणी गेलं, मला माहीत नाही. बाईकवाला? गावचा माणूस. हे तिने जमिनीकडे पाहून सांगितलं.

नविन निघाला. तो चार पावलं गेल्यावर तिने मागून विचारलं, "तो झगा तुम्ही टाकून तर नाही ना दिला?"

५

शनिवारी सकाळी नविन स्कूटरवरून गंजाडला गेला. पाड्यावर शिंगड्यांचं घर विचारावं लागलं नाही. अंगणात तीन छत्र्यांचे सांगाडे कुडाला टेकवून ठेवले होते, कापडाविना.

काळू, रूपीचा बाप, पन्नाशीचा, उंच, खांद्याला वाकलेला माणूस होता. त्याने पिशवी पाहिली आणि आत जाऊन पाणी आणलं. नविनने रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलणं, छत्री, टाके, चीक, पाठ, ओळीने सांगून टाकलं. सांगताना त्याला आपण फार हुशार असल्यासारखं वाटेल, असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"पुढनं कसा असतो?" काळूने विचारलं.

"उघडा असतो काका. बटणं नसतात."

"मला वाटलंच. बटणं लावताना वाटलं होतं."

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मधेच उठून कोंबडं हाकलत. गेल्या वर्षी मुलं रांगेने आत जाताना पाहिली. पुढच्या वर्षी पोरगी अशी जाणार, हे मनात बसलं. तिने तर आधीच सांगितलेलं की बाबा, तू नको येऊ. दुपारनंतर वाडीतलं काम, ते सुटलं की तिथेच रोज थोडं थोडं शिवलं. झगा घातला तर सगळे सारखेच दिसतात, मग तिला कोणी विचारणार नाही की हा कोण. ओळीच्या टोकाला एकाची जागा असते, तेही गेल्या वर्षीच पाहून ठेवलेलं, आणि यंदा टोकाला पोरगीच होती. पोरांना फोटोला बाहेर बोलावलं तेव्हा चिंचेखालून उठून रांगेला लागलो. वर ते यंत्र घोंघावत होतं, सगळ्यांचे डोळे मिटलेले.

नविनच्या मनात दोन गोष्टी अडून बसल्या होत्या. पहिली ही, की स्वतः शिवलेला झगा दुसऱ्याच्या गठ्ठ्यात कोण टाकतं.

"घरी नेला असता तर तिला दिसला असता. फेकवला नाही. तिथं तेवढे होते, त्यात एक काय, म्हटलं." तो थोडा ओशाळला. "तुम्ही मोजता, हे ठाऊक नव्हतं."

दुसरी गोष्ट गोंड्याची. माइकवरून सांगितलेलं ऐकू आलं नाही का?

"आलं ना. बाहेरपर्यंत येत होतं."

"मग फिरवला का नाही?"

काळूने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दुकानदार असूनही याला इतकी साधी गोष्ट कळू नये. "मी कुठं पास झालोय?"

नविनने फोटो काढून त्याच्यासमोर धरला. काळूला आधी उमगेना, मग नविनने बोटाने दाखवलं, हे तुम्ही, ही रूपी. काळूने एकमेकांवर चढलेले ते दोन कोपरे बराच वेळ पाहिले.

"ती कलली होती," तो म्हणाला. "डोळे नाही उघडले. पण जरा कलली माझ्याकडे. चिकाचा वास आला असंल."

म्हणजे तिला माहीत होतं. प्रमाणपत्र खणात, नोकरी हातची जाणारी, आणि ती दोन दिवस तोंड मिटून बसली होती. बाप म्हणून सांगितलं, तर तीन वर्षं बापाला गावचा माणूस म्हटल्याचं सगळ्या कॉलेजला कळणार. दुसरा कोणी म्हणून सांगितलं, तर त्याला पोलीस नेणार. नविनला तिचं गप्प बसणं कळलं आणि आपण केलेला फोन त्याला नव्याने टोचला.

सोमवारची गोष्ट त्याने काळूला सांगितली. काळूला ती ठाऊकच नव्हती. तो उठला, आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला.

"मी येतो. चूक माझी, मी सांगतो." बटणं लावता लावता तो थांबला. "पण शेट, तिनं सांगितलंय ना गावचा माणूस? मग आपण तसंच सांगू."

६

प्राचार्यांनी अभ्यागतांची नोंदवही उघडून नविनसमोर सरकवली, कारण शोध त्याने लावला होता आणि त्याचं अक्षर बरं होतं. रूपीला बोलावलं होतं. ती भिंतीला लागून उभी राहिली. काळू टेबलासमोर हात जोडून.

झगा घालून आत शिरलो, हौस वाटली, पुन्हा करणार नाही, असं त्याने सांगितलं. पोरीचा यात काही संबंध नाही. बाईकवरनं आणतो-सोडतो तेवढंच.

प्राचार्य नाराज झाले. त्यांनी कारस्थानाची तयारी केली होती आणि समोर हौस निघाली होती.

"नाव काय?"

काळूने खालचा ओठ चावला. खणातून काढलेलं प्रमाणपत्र टेबलावरच होतं, त्यावर नाव तीन शब्दांत छापलेलं, मधला शब्द काळू.

"लाहू," तो म्हणाला. "लाहू लिहा."

नविनने लिहिलं. लाहू, राहणार गंजाड. पुढचा रकाना नात्याचा होता. त्याचं पेन तिथे थांबलं. काळूनेच हळूच सांगितलं, काही नाही लिहा. नविनने तेही लिहिलं. आजवर त्याने माणसांना वाघ केलं होतं, गाजर केलं होतं, पण इतकं खोटं सोंग त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

प्राचार्य रूपीकडे वळले. "या माणसाला तू ओळखतेस? आत तू आणलंस का? एकदाच विचारतो."

पंखा फिरत होता. काळूने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी, माशी हाकलावी इतकीच, मान हलवली. नको.

"नाही सर," रूपी म्हणाली.

तेवढ्यावर मिटलं. प्राचार्यांनी प्रमाणपत्र वाटपाचं रजिस्टर पुढे केलं आणि मिळाल्याची सही कर, म्हणाले. तिने रूपी एवढंच लिहिलं. पूर्ण नाव, प्राचार्य म्हणाले. तिने पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. इतका वेळ राहिलं, की पेन चालत नाही असं वाटून प्राचार्यांनी स्वतःचं पेन काढून दिलं.

"चालतंय सर," ती म्हणाली.

तिने लिहिलं. समोरून, उलटं, काळू वाचत होता. त्याला तेवढीच अक्षरं येत होती, स्वतःच्या नावाची. का झालं. ळू झालं. त्याच्या ओठांची हालचाल नविनने पाहिली. प्राचार्य प्रमाणपत्राला प्लास्टिकचं पाकीट शोधत होते, त्यांनी काहीच पाहिलं नाही.

"चला शेट," काळू म्हणाला आणि मागे न पाहता दाराबाहेर पडला.

रूपीने पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ती त्याच्यामागे दोन पावलं आली, मग उंबऱ्याशी थांबली, कारण व्हरांड्यात मुलं होती. नविन तिच्या बाजूने बाहेर निघाला, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ओठ घट्ट मिटून समोरच्या रिकाम्या मैदानाकडे पाहत होती.

गेटाबाहेरच्या टपरीवर काळूने चहा घेतला. पैसे आपणच देणार, असा त्याने हट्ट धरला, त्याच्याकडचं शुभकार्य असल्यासारखा. पोरीचं काम झालं, हे त्याने टपरीवाल्याला सांगितलं. कोणाच्या पोरीचं, हे सांगितलं नाही. गावातली एक, म्हणाला. टपरीवाल्याने बरं झालं म्हटलं.

नविनला काहीतरी विनोदी बोलायचं होतं. एरवी त्याला ते उठता-बसता सुचायचं.

"शेट, तुम्हाला माहीत असंल," काळू बशीत चहा ओतता ओतता म्हणाला. "तलासरीला नोकरीवर पण नाव असंच लिहावं लागतं? अख्खं?"

"अख्खंच लागतं काका."

"एकदाच, का?"

"रोज. सकाळी हजेरीच्या वहीत."

काळूने मनाशी काहीतरी हिशेब केला. बशी ओठाला लावली, अर्धी प्यायला आणि पुन्हा खाली ठेवली.

"मग झालं," तो म्हणाला.